एअर रायफलला स्कोप लावताय? या चुका टाळा

“दादा, नऊ पॉवरचा घेऊ की सोळाचा?” पुण्यात एअर रायफल विकणाऱ्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विषय असतो स्कोपचा, म्हणजे रायफलवर बसवून नेम धरायच्या दुर्बिणीचा, आणि पॉवर म्हणजे ती टारगेट किती पट मोठं दाखवते ते. रायफल कुठली, ती किती अंतरावर चालवायची आणि कशासाठी, हे विचारायच्या आधीच पॉवर ठरलेली असते. मग महिन्याभरात तक्रार येते: “काल मधोमध लागत होते, आज दोन इंच डावीकडे जातात. स्कोप खराब निघाला.” बहुतेक वेळा स्कोप खराब निघालेला नसतो. त्या रायफलला तो शोभणाराच नसतो, किंवा बसवताना घाई झालेली असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख कागदी टारगेट आणि पत्र्याच्या डब्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद केली. पाषाण तलावाकाठी किंवा सिंहगडाच्या उतारावर एअरगन घेऊन पाखरांमागे फिरणं हा गुन्हा आहे. हरियाल हा आपला राज्यपक्षी, आणि एके काळी लोक तो मांसासाठी मारत. ते दिवस संपले हे फार चांगलं झालं. आणखी एक नियम दुकानदार सांगतोच, तरी नोंद असू द्या. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच बोअरची (नळीच्या भोकाची) आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते. त्याहून मोठा बोअर किंवा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो.

स्पर्धेसाठी स्कोप घेणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि ती बहुतेक वेळा पालकांकडून होते. मुलगी बालेवाडीला नेमबाजी शिकायला जाणार म्हणून बाबा हौसेने रायफलसोबत स्कोपही आणतात. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही. आपल्याकडे नवशिक्यांसाठी ओपन साइटचा (नळीवरच्या साध्या खाच-माशीने नेम धरायचा) गट असतो आणि पुढे पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची). आंतरराष्ट्रीय नियमांत तर पीप साइटच, तिथे प्रतिमा मोठी करून दाखवणारी दुर्बीण लावताच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, तेही दुर्बिणीविना. त्या टारगेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो. एअर रायफलच्या टारगेटवर तर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर!

तेव्हा मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल, तर स्कोपचे पैसे चांगल्या पीप साइटसाठी, शूटिंग जॅकेटसाठी आणि प्रशिक्षकाच्या फीसाठी राखून ठेवा. स्कोप हौशी नेमबाजीसाठी. ती हौसही मन लावून करण्यासारखी आहे.

मोठ्या बंदुकीचा स्कोप स्प्रिंगच्या रायफलवर चढवणं

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

काडतुसाची रायफल झटका देते तो एकाच दिशेला, मागे. त्यासाठी बनवलेल्या स्कोपची आतली भिंगं आणि रेटिकल (नेम धरायचा आतला क्रॉस) हा मागचा धक्का सोसतील अशी बसवलेली असतात. स्प्रिंगच्या एअर रायफलचं वेगळं असतं. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे सरकते. पुढच्याच क्षणी पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढे हिसका खाते. छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात दोन्ही दिशांनी धक्के बसून गेलेले असतात. हा पुढचा हिसका नुसत्या बंदुकीसाठी बनवलेल्या स्कोपला सोसत नाही. मग रेटिकल तिरकं होतं, भिंग सैल पडतं, किंवा दर चार-पाच छर्ऱ्यांनी झिरो (क्रॉस जिथे, छर्रा तिथे, ही जुळवणी) सरकत राहतो. स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या गॅस रॅमच्या रायफलीतही असाच दुहेरी धक्का असतो.

महागडा स्कोप आहे म्हणून तो टिकेल, असं समजू नका. स्कोपच्या माहितीपत्रकात तो स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं स्वच्छ लिहिलेलं असलं तरच घ्या. वजनही बघा. स्कोप जितका जड, तितका माउंटवर, म्हणजे त्याला रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीवर, ताण जास्त. स्प्रिंगच्या रायफलवर अर्ध्या किलोपेक्षा जड स्कोप मी कोणालाच सुचवत नाही.

पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायची रायफल, या बाबतीत सरळ आहे. तिला झटका जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे स्कोप निवडायला मोकळीक आहे.

पॅरलॅक्सकडे दुर्लक्ष

नेम धरलाय, श्वास रोखलाय, आणि डोकं जरा इकडेतिकडे हललं की क्रॉस टारगेटवरून सरकतो. हा पॅरलॅक्स. बंदुकीचे बरेचसे स्कोप कारखान्यातच १०० यार्डांसाठी जुळवून येतात, .२२ रिमफायरचे (छोट्या काडतुसाच्या रायफलीचे) ५० यार्डांसाठी. आपण मारतो १० किंवा २० मीटरवर. समोरचं भिंग ४० मिलिमीटरचं आणि जुळवणी १०० यार्डांची असेल, तर १० मीटरवर डोळा पार कडेला गेल्यास चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. एअर रायफलच्या टारगेटचा अख्खा काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा असतो. म्हणजे रायफल निर्दोष, हात स्थिर, तरी छर्रा काळ्याबाहेर पडू शकतो!

उपाय साधा आहे. समोरच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून किंवा बाजूच्या नॉबने १० मीटरपर्यंत अंतर जुळवता येईल असाच स्कोप घ्या. दुकानात ‘एओ’ किंवा ‘साइड फोकस’ म्हणून मागा. पण कडीवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात काढून घ्या, आणि डोकं हळूच डावीउजवीकडे, वरखाली हलवून बघा. क्रॉस टारगेटवर चिकटून राहिला की जुळवणी झाली. ही तपासणी दर वेळी अंतर बदलल्यावर करा. आणि असा स्कोप घेणं परवडत नसेल, तर गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) दर वेळी नेमका त्याच जागी टेकवायची सवय लावा. त्याने निम्मी चूक कमी होते.

जास्त पॉवरचा मोह

१० मीटरवर सोळा पॉवर लावली की टारगेट भिंतीएवढं दिसतं आणि आपल्या छातीचे ठोकेही क्रॉसवर दिसायला लागतात. माणूस घाबरून ट्रिगर ओढतो. शिवाय समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर, एवढाच प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. ४० मिलिमीटरच्या भिंगावर चार पॉवरला तो १० मिलिमीटर, सोळाला फक्त अडीच. संध्याकाळी शेडखाली त्यात डोळा बसवणं कठीण जातं. १० ते २५ मीटरला चार ते सात पॉवर भरपूर झाली.

माउंट

एअर रायफलींवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तर काहींवर २१ मिलिमीटरची पिकॅटिनी (आडव्या खाचांची पट्टी). माउंट घेताना रायफल सोबत न्या किंवा मापून जा. स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटरची, तेही बघा, कारण रिंगा त्याप्रमाणे लागतात. स्प्रिंगच्या रायफलवर दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या, आणि त्याला खाली स्टॉप पिन हवीच. ती रायफलच्या वरच्या भोकात बसते. ती नसेल तर हिसक्यांनी माउंट सरकत सरकत मागे येतो, आणि लोक समजतात झिरो हलतोय. पेन्सिलची एक बारीक रेघ माउंटच्या पुढच्या कडेला लागून ओढून ठेवा. २०-२५ छर्रे मारल्यावर रेघ आणि माउंट यांत फट पडली की चोर सापडला.

खाचेवरचं तेल आधी पुसून टाका. रिंगांचे स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळा. बहुतेक रिंगांना १५ ते २० इंच-पाउंड जोर पुरतो. जोरात आवळलं की स्कोपची नळी चेपते, आणि ती परत सरळ होत नाही. क्रॉस उभा आहे का हे बघायला समोर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्या दोरीशी जुळवा. डोळ्यापासूनचं अंतर साधारण साडेतीन इंच, आणि ते तुम्ही रायफल खांद्याला लावून ठरवा. टेबलावर ठेवून ठरवू नका.

वरचे क्लिक संपले

ब्रेक बॅरल, म्हणजे नळी खाली मोडून छर्रा भरायच्या रायफलीत नळी किंचित खाली झुकलेली असणं अगदी सामान्य आहे. मग छर्रे खाली लागतात आणि माणूस वरचा नॉब फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेतो. तिथे आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो भरकटतो. हे टाळायला झुकाव भरून काढणारा माउंट मिळतो. तो नसेल तर मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची एखादी पातळ पट्टी घाला. एक-दोन पट्ट्या ठीक. त्याहून जास्त लागत असतील तर नळीलाच काहीतरी झालंय, दुकानात दाखवा.

याच्या उलट तक्रारही येते: “नॉब फिरवला, काहीच फरक नाही!” नॉबची एक टिकटिक म्हणजे एक क्लिक. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० यार्डांवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो. १० मीटरवर तोच क्लिक पाऊण मिलिमीटरही सरकवत नाही. म्हणजे एक सेंटिमीटरसाठी १४ क्लिक लागतात. दोन-तीन क्लिक देऊन स्कोपला दोष देऊ नका.

झिरो आधी १० मीटरवर करा, मग लांबचं बघा. २०० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा आणि नळीपासून साडेचार सेंटिमीटर उंच स्कोप धरला, तर १० मीटरवर झिरो केलेली रायफल २० मीटरवर साधारण दीड-दोन सेंटिमीटर वर मारते आणि ३० मीटरच्या आसपास पुन्हा झिरोवर येते. हे तुमच्या रायफलवर कागद लावून तपासा आणि स्टॉकच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

सगळा दोष स्कोपवर

ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरला की स्कोप उघडायच्या आधी या क्रमाने बघा. पहिले स्टॉकचे स्क्रू: स्प्रिंगच्या रायफलीत ते सैल होतातच, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचा. मग माउंट. मग छर्रे: एकाच नळीला एक डबा आवडतो, दुसरा नाही. सपाट तोंडाचे छर्रे १० मीटरवर कागदाला स्वच्छ भोकं पाडतात, गोल तोंडाचे लांब अंतरावर बरे. डबा बदलला की पहिले १५-२० छर्रे हिशेबात धरू नका. शिसं असतं, हात धुवा, मुलांनाही धुवायला लावा.

मग तुमची पकड. स्प्रिंगची रायफल टेबलाच्या कडेवर टेकवली किंवा घट्ट आवळून धरली की ग्रुप सरकतो. पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती ठेवलेली, आणि तिला हवं तसं उसळू द्या. रोज तळव्यावर तीच जागा. ही एक सवय नवा स्कोप घेण्यापेक्षा जास्त ग्रुप आवळते, असं माझं ठाम मत आहे.

एवढ्यावरही नाही जमलं तर स्कोप काढून ओपन साइटने मारा. ग्रुप आवळला तर स्कोप दोषी. नाही आवळला तर स्कोपचा काही संबंध नाही. स्कोप स्वतः खोलू नका. आत नायट्रोजन भरलेला असतो, एकदा खोलला की धुकं धरणारच. आणि रिकामी स्प्रिंग रायफल चालवून बघू नका. छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी नीट मिळत नाही आणि तो थेट टोकावर आदळतो.

आवडत्या जोड्या

पहिला आकडा पॉवरचा, दुसरा समोरच्या भिंगाच्या मिलिमीटरचा. मध्यम ताकदीच्या स्प्रिंग रायफलला ४×३२ किंवा २-७×३२, अंतर जुळवता येणारा, हलका. पहिली रायफल घेणाऱ्याला मी हीच जोडी सांगतो, कारण त्यात बिघडायला काही नाही. जोरकस स्प्रिंग किंवा गॅस रॅमला एअरगनसाठीच बनवलेला ३-९×४० एओ, एकसंध माउंट आणि स्टॉप पिनसकट. इथे माउंटवर पैसे वाचवू नका. पीसीपीला ४-१६×४४ साइड फोकस. ५० मीटरपर्यंत जागा असेल तरच त्या सोळा पॉवरचा उपयोग. मुळशी किंवा भोरला शेत असेल आणि मागे मातीचा उंच बांध असेल, तर तिथे. सोसायटीच्या गच्चीवर मात्र कुठलीच जोडी नको. छर्रा काही शे मीटर जातो, आणि समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंना तुमच्या नेमाची खात्री नसते.

पावसाळा

पुण्यात जून ते सप्टेंबर हा स्कोपचा शत्रू. रायफल रेक्झिनच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवली की भिंगांवर जाळ्यासारखी बुरशी धरते आणि नळी आतून गंजते. कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरी रायफल नळीला तेलाचा बोळा फिरवून, उघडी, कुलूपबंद कपाटात ठेवा. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. भिंगावर बोट किंवा रुमाल फिरवू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापड. बुरशीचा ठिपका दिसला तर तो लहान असतानाच दुरुस्तीला द्या. ती भिंगावरचं कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.