जुनं आउटबोर्ड इंजिन मिळालं? चिंच नंतर, आधी कागद-पेन्सिल

मुंबईच्या चोरबाजारात नाहीतर दारूखान्यातल्या भंगारात जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, हाती लागलं की पहिला मोह होतो तो पितळ घासायचा. तेवढा आवरा. माझ्या पहिल्या इंजिनाची पाटी विकणाऱ्यानेच बफ मारून आरशासारखी केली होती. नंबर गेला तो गेलाच. त्या इंजिनाचं साल मला आजही ठाऊक नाही.

पाटीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं कागदावर उमटतात. टॉर्च तिरका मारूनही बघा. पाटीच नसेल तर इंजिनाची ठेवण पाहावी. ओले एव्हिनरूड या गृहस्थांनी १९०९ पासून अमेरिकेतल्या मिलवॉकीत विकलेल्या इंजिनाला एकच सिलिंडर आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे वरच्या जड चाकावर, मूठ असे. ती हाताने धरून फिरवायची. जॉन्सन कंपनीची १९२० च्या दशकातली हलकी इंजिनं दोन सिलिंडरची. इंग्लंडातल्या पूल गावच्या ब्रिटिश सीगल इंजिनाचं फ्लायव्हील उघडं, दोरी गुंडाळायची खाच असलेलं, आणि खाली लांबच लांब नळी. त्याचा नंबर क्रँककेसवर, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीवर, ठोकलेला असतो, सुरुवातीची अक्षरं मॉडेल सांगतात.

आता पितळ. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तो घासलात तर उडेल. खरं पितळ असेल तर चिंचेचा कोळ लावा, पाच-दहा मिनिटांत धुवा आणि लगेच कोरडं करा. रात्रभर ठेवू नका, आंबटाने पितळ गुलाबी पडतं. पण न घासताच गुलाबी चट्टे दिसत असतील तर ते जास्त वाईट: खाऱ्या पाण्याने जस्त खाऊन टाकलंय, मागे भुसभुशीत तांबं उरलंय. सुई टोचून पाहा. जोर सोसणारा भाग असेल तर बदला.

अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे तर पितळेजवळ आणूच नका. ब्रिटिश अमदानीत इथल्या तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया. त्या मोसमावरूनच या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं.

जुन्या सीगलची पितळी टाकी गळत असेल तर डाख द्यावा लागतो. इथे घाई म्हणजे स्फोट. पेट्रोल ओतून टाकलं तरी वाफ आत राहते. साबणाच्या गरम पाण्याने तीन-चारदा खळबळून धुवा, मग भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि कथलाचा डाख तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने द्या, ज्योतीने नाही. मला हे वर्सोव्याच्या एका कोळी काकांनी शिकवलं. मी बर्नर पेटवायला निघालो तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “घरी सांगून आलास काय रे?”

पिस्टन अडकला असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडून आठवडाभर विसरून जा. फ्लायव्हीलवर हातोडा घालू नका, ते ओढून काढायचं पुलर नावाचं हत्यार वापरा.

चालवून पाहायचं ते पाण्याने भरलेल्या पिपातच. कोरडं चालवलं तर पाण्याचा पंप जातो. जुन्या सीगलला मूळ मिश्रण १० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. धूर भरपूर होतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. आणि आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. खूप जुन्या कार्ब्युरेटरमधला बुचाचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) लाखेने मढवलेला असतो, ती लाख इथेनॉलमध्ये विरघळते. म्हणून काम झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करायचे. खाडीत नेलं असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या पिपात दहा मिनिटं चालवा, आणि मगच पेट्रोल काढा.