ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅक्रिलिक पेंटिंगसाठी सामान कसं निवडायचं

ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे काय, दोन ट्यूब आणल्या की झालं, असं मलाही वाटायचं. पहिलं पोर्ट्रेट मी रंगांच्या सेटमधल्याच काळ्या-पांढऱ्यात केलं, ओलं असताना झकास दिसत होतं आणि सकाळी उठून बघतो तर गालावरची सावली कोळसा फासल्यासारखी. तेव्हा डोक्यात आलं की आपल्याला खरे हवे असतात ते मधले ग्रे, आणि सामान त्यांच्या हिशोबानेच घ्यायला पाहिजे.

आधी पांढरा घ्या. टायटॅनियम व्हाइटच. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंग देणाऱ्या पावडरचा, कोड असतो, तिथे पीडब्ल्यू ६ (PW6) दिसला की बरोबर. हा खालचं चांगलं झाकतो. झिंक व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ४, तो पारदर्शकाकडे झुकतो, धुकं किंवा धूर असा पातळ थर द्यायचा असेल तर मस्त, पण मुख्य पांढरा म्हणून तोच घेतलात तर काळ्यावर हात मारत बसाल आणि खालचा काळा डोकावतच राहील. पांढऱ्याची ट्यूब काळ्याच्या निदान दुप्पट घ्या, ग्रे बनवण्यात तोच भराभर संपतो.

काळ्यात मात्र लोक फसतात, कारण ट्यूबवर नुसतं 'ब्लॅक' लिहिलेलं असलं तरी आत वेगवेगळं काही असू शकतं. मार्स ब्लॅक, पीबीके ११ (PBk11), हा लोखंडाच्या ऑक्साइडचा, दणकून झाकतो. आयव्हरी किंवा बोन ब्लॅक, पीबीके ९, हा जाळलेल्या हाडांपासून बनतो (नावात हस्तिदंत आहे पण आता हत्तीचा काही संबंध नाही, तरी प्राण्यांपासूनचं काही नको असेल तर मार्स घ्या), जरा पारदर्शक आणि स्वभावाने मवाळ, पांढऱ्याला एकदम गिळून टाकत नाही. कार्बन ब्लॅक, पीबीके ७, एकदम कडक गडद, थेंबभर जास्त पडला की ग्रे हाताबाहेर गेलाच म्हणून समजा. नवीन माणसाने एकच घ्यायचा तर मी आयव्हरी सांगेन. दोन घेतलेत तर दोघांत थोडा थोडा पांढरा मिसळून शेजारी शेजारी फासून बघा, एक ग्रे तपकिरीकडे गेलेला दिसेल आणि दुसरा थोडा थंड, म्हणजे निळसर, आणि हे दोन्ही एकाच चेहऱ्यात नकळत आले तर माणूस अर्ध्या बाजूने आजारी वाटतो.

रंग दोनच लागणार आहेत तर इथे स्टुडंट ग्रेडवर पैसे वाचवू नका, त्यात पिगमेंट कमी आणि फिलर, म्हणजे नुसती भर, जास्त असतो, काळा वाळून पाटीसारखा फिका दिसतो. आर्टिस्ट ग्रेड घ्या आणि काटकसर ब्रशमध्ये करा.

सामान घरी आलं की लगेच चित्राला हात घालू नका. जाड कागदावर ९ चौकोन आखा, एका टोकाला शुद्ध पांढरा, दुसऱ्या टोकाला शुद्ध काळा आणि मधले ७ मिसळून भरा. मिसळताना पांढऱ्यात काळा घालायचा, उलट केलंत तर अर्धी ट्यूब पांढरा ओतूनही ग्रे उजळत नाही. मग पट्टी पूर्ण वाळू द्या. अ‍ॅक्रिलिकचा बाईंडर, म्हणजे पिगमेंटला धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधासारखा असतो आणि वाळला की स्वच्छ पारदर्शक होतो, त्यामुळे रंग थोडा गडद होतो, माझ्या त्या गालाचं हेच झालं होतं. ही वाळलेली पट्टी पेंट करताना शेजारी ठेवायची आणि प्रत्येक ग्रे मनात एक घर उजळ बनवायचा.

तीन-चार ग्रे जास्तच बनवून घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत भरून ठेवा, संपलेला ग्रे परत तंतोतंत जुळवणं म्हणजे डोकेदुखी. पॅलेटसाठी चपट्या डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर टाकला तरी पुरतं, रंग कितीतरी जास्त वेळ ओला राहतो.

ब्रश सिंथेटिक घ्या. एक इंचाचा फ्लॅट, एक मधला फिलबर्ट (चपटा पण टोकाला गोलसर), २ नंबरचा राउंड, झालं. केसांच्या रेषा काढायच्या असतील तरच रिगर, म्हणजे लांब बारीक केसांचा ब्रश. एखादा झिजलेला राठ ब्रश फेकू नका, कोरड्या ब्रशने दाढी किंवा दगड काढायला तोच कामाला येतो. पाण्याचे डबे मात्र दोन हवेतच, एक काळ्याचा एक पांढऱ्याचा. ब्रशचे केस धरणाऱ्या मेटलच्या पट्टीत रंग वाळला की ब्रश गेलाच, म्हणून मधे चहाला उठायचं असेल तरी आधी ब्रश पाण्यात हलवून घ्या.

सराव ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड) कागदावर, नंतर गेसो, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लावलेला कॅनव्हास. आणि कॅनव्हासवर आधी मधला ग्रे फासून घ्या, नुसत्या पांढऱ्यावर प्रत्येक ग्रे आहे त्यापेक्षा गडद दिसतो आणि आपण घाबरून सगळंच फिकट करून बसतो. उलट रात्रीचं दृश्य असेल तर ब्लॅक गेसो, तिथे फक्त उजेडच रंगवायचा.

राहिलं व्हार्निश, म्हणजे चित्र झाल्यावर वरून द्यायचा पारदर्शक थर. ग्लॉसने काळा खोल दिसतो पण समोर खिडकी असेल तर चित्रात खिडकीच दिसते, मॅट चमक घालवतं पण काळ्याला धुरकट करतं, म्हणून मी सहसा दोन्हींच्या मधलं सॅटिन लावतो. तरी चित्रावर आधी नको, त्या ९ चौकोनांच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर लावून वाळल्यावर काळं टोक कसं दिसतं ते बघा आणि मगच चित्राला हात लावा.