इस्रायल-पॅलेस्टाईनचं 'सुरक्षा समन्वय' प्रकरण वाचन गटात कसं घ्यायचं

इस्रायलचं सैन्य आणि पॅलेस्टिनी पोलीस एकमेकांना कळवून कामं करतात, त्याला सुरक्षा समन्वय म्हणतात. अलिबागकरांना हा विषय लांबचा नाही. इथे इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे, नवगावला बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, पूर्वजांचं स्मारक आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपल्या आज्या-पणज्या शनवार तेली म्हणायच्या त्यांची नातवंडं आज अश्दोद, दिमोना, बीरशेबाला राहतात. दुसरीकडे किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी आखातात जाऊन आलेलं. आमच्या रविवारच्या गटात एक आजी आहेत त्यांचा भाचा अश्दोदला, आणि एक काका आहेत ते ऐंशीच्या दशकात कुवेतला एका पॅलेस्टिनी इंजिनिअरच्या हाताखाली काम करायचे, आजही त्या साहेबांचं नाव आलं की काकांचा आवाज बदलतो. पहिल्या वेळी हा विषय घेतला तेव्हा वीस मिनिटांत भांडण होऊन लोक चहा न पिता घरी गेले. दुसऱ्या वेळी जमलं. काय बदललं ते लिहितेय, कुणाला आपल्या गावात घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी नकाशा. भाषण नको, इतिहास नको, आधी रंगीत खडू. वेस्ट बँकेचा, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागाचा, मोठा नकाशा काढा आणि २८ सप्टेंबर १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराप्रमाणे तीन रंग भरायला लावा. ए एरिया म्हणजे मोठी शहरं, २००० पासूनच्या आकड्यांप्रमाणे साधारण १८ टक्के, कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी. बी साधारण २२ टक्के, कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा. सी साधारण ६० टक्के, तिथे सगळंच इस्रायलच्या ताब्यात. लोकांना स्वतः रंगवू द्या, कारण रंगवताना कळतं की ए म्हणजे एक सलग प्रदेश नाहीच, बेटं आहेत बेटं, आणि त्यांच्या चारी बाजूंनी सी. मी म्हटलं समजा वडखळवरून अलिबागला यायचंय, पोयनाडमध्ये आपले पोलीस, कार्लेखिंडीत दुसऱ्यांचं सैन्य, आणि खाली उतरून गावात शिरलं की परत आपले पोलीस, आता पोयनाडच्या पोलिसाला अलिबागचा चोर पकडायला यायचं तर तो खिंड कशी ओलांडणार? त्याला आधी फोन करून परवानगी घ्यावी लागणार. तो फोन म्हणजे सुरक्षा समन्वयाचं रोजचं रूप. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम झालं.

मग शब्द. अरबीत पॅलेस्टिनी लोक याला तन्सीक अम्नी म्हणतात, तन्सीक म्हणजे समन्वय. सहकार्याला अरबीत वेगळा शब्द आहे, तआवुन. आपल्या बातम्यांत दोन्ही सरमिसळ होतं आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. समन्वय म्हणजे तू कुठे मी कुठे हे एकमेकांना सांगणं, म्हणजे उगाच गोळी सुटू नये. उदाहरणार्थ इस्रायली सैन्य रात्री ए एरियात धाड टाकायला शिरतं तेव्हा पॅलेस्टिनी पोलीस रस्त्यावरून बाजूला होतात. किंवा एखादा इस्रायली चुकून ए एरियात शिरला, जिथे रस्त्यावर मोठ्या लाल पाट्या लावलेल्या असतात की इस्रायली नागरिकांना प्रवेश कायद्याने बंद, तर पॅलेस्टिनी पोलीस त्याला जमावातून काढून परत सोपवतात. सहकार्य त्याच्या पुढचं, माहिती देणं-घेणं, हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या किंवा इतर गटांच्या माणसाला अटक करणं. पॅलेस्टिनी रस्त्यावर राग आहे तो मुख्यतः या दुसऱ्या भागावर. बातमी वाचताना दरवेळी विचारायचं, यातलं नेमकं कुठलं चाललंय?

इथे मी शिमग्याचं उदाहरण दिलं. दोन वाड्यांचं मानपानावरून वाकडं असतं पण पालखी निघायच्या आधी शांतता कमिटीत बसून कोण कुठल्या वाटेने कधी जाणार ते ठरवतातच, प्रेमाने नाही, डोकी फुटू नयेत म्हणून. सगळ्यांना पटकन कळलं. पण लगेच पुढचं वाक्यही बोला, हे विसरू नका, की उदाहरण इथेच संपतं. आपल्याकडे दोन्ही वाड्या कायद्यापुढे सारख्या आणि फौजदार तिसरा. तिकडे एका बाजूच्या सैन्याच्या ताब्यात दुसऱ्या बाजूची जमीन १९६७ पासून आहे. बरोबरीच्या दोघांचा समझोता म्हणून हे शिकवलंत तर खोटं शिकवलंत.

आता टाइमलाइन, पण सगळी वाचून दाखवू नका, लोक झोपतात. १३ सप्टेंबर १९९३ चं इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांचं हस्तांदोलन सगळ्यांना माहीत असतं, तिथे थांबूच नका. ४ मे १९९४ च्या कैरो करारावर या, गाझा आणि जेरिको पॅलेस्टिनींकडे आले आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची समन्वय कार्यालयं आणि संयुक्त गस्ती सुरू झाल्या. एक इस्रायली जीप, एक पॅलेस्टिनी जीप, एकामागून एक त्याच रस्त्याने, आत बसलेली पोरं दोन-चार वर्षांपूर्वी पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, एकमेकांसमोर उभी असतील. हे चित्र नीट डोळ्यासमोर येऊ द्या. कारण लगेच पुढे सप्टेंबर १९९६ येतो, जेरुसलेममध्ये वेस्टर्न वॉल या ज्यूंच्या पवित्र भिंतीजवळच्या बोगद्याचं दार उघडलं म्हणून दंगल पेटली आणि तेच पोलीस आणि तेच सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आमच्या आजी तेव्हा म्हणाल्या, म्हणजे जीप होत्या पण आत काही नव्हतं का? हाच प्रश्न हवा होता मला.

पुढची मध्यस्थी भराभर घ्या. ऑक्टोबर १९९८ चा वाय रिव्हर करार, त्यात अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए उघडपणे दोघांच्या मध्ये बसली. सप्टेंबर २००० ला दुसरा इंतिफादा, संयुक्त गस्ती संपल्या त्या संपल्याच. जून २००१ मध्ये सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट स्वतः युद्धविरामाचा आराखडा घेऊन गेले, टिकला नाही. २००३ चा रोडमॅप म्हणजे शांततेचा आराखडा, अमेरिका, युरोपियन युनियन, रशिया आणि युनो या चौघांचा.

इथे मात्र थांबा, २००५ ला. अमेरिकेने सुरक्षा समन्वयक म्हणून एक लेफ्टनंट जनरल नेमला, आधी विल्यम वॉर्ड, मग त्याच वर्षाअखेरीपासून कीथ डेटन. २००६ मध्ये हमास निवडणूक जिंकली, जून २००७ मध्ये गाझा हमासच्या ताब्यात गेला, आणि त्यानंतर सगळा जोर वेस्ट बँकेवर आला. पॅलेस्टिनी पंतप्रधान सलाम फय्याद, जॉर्डनमध्ये अम्मानजवळ पॅलेस्टिनी तुकड्यांचं ट्रेनिंग, सोबत युरोपियन युनियनचं पोलीस मिशन, आणि २००८ ला वेस्ट बँकेतल्या जेनिन शहरात प्रयोग, जिथे सगळ्यात जास्त धुमश्चक्री झाली होती तिथेच. बाजार पुन्हा उघडले, बंदूकधारी रस्त्यावरून हटले. आणि मग २००९ ला वॉशिंग्टनच्या एका भाषणात डेटन यांनीच सांगितलं की तुम्ही राज्य उभं करताय असं या पोरांना सांगत राहायचं आणि राज्य येतच नाही, हे फार तर दोन वर्षं चालेल. माझ्या मते अख्ख्या विषयाची गाठ इथे आहे. गणवेश, ट्रेनिंग, वायरलेस सगळं देता येतं, पण कशासाठी याचं उत्तर राजकारणाने द्यायचं असतं, आणि ते आलं नाही की त्याच पोलिसाला त्याच्याच गल्लीत लोक दुसऱ्याचा नोकर म्हणायला लागतात. त्याच्या आईला भाजी आणायला गेल्यावर काय ऐकावं लागत असेल याचा विचार करा. आणि त्याच वेळी इस्रायली घराला बसमधल्या बॉम्बच्या आठवणी आहेत, त्यांना आधी शांतता दिसली पाहिजे मग जमीन. दोघंही म्हणतात आधी तू.

आता 'समन्वय बंद' या बातमीचं कसं करायचं. ती दर काही वर्षांनी येते. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २०१४ मध्ये समन्वयाला पवित्र म्हणाले, मार्च २०१५ मध्ये पीएलओ या पॅलेस्टिनींच्या मुख्य संघटनेच्या सेंट्रल कौन्सिलने तो थांबवायचा ठराव केला आणि तो चालूच राहिला. जुलै २०१७ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीपाशी मेटल डिटेक्टर लावले तेव्हा संपर्क तोडला, मे २०२० मध्ये वेस्ट बँकेचा भाग इस्रायलमध्ये जोडून घ्यायच्या प्लॅनवरून तोडला, नोव्हेंबरमध्ये परत जोडला. २०२० चं उदाहरण गटात जरूर घ्या, कारण त्यात बंद म्हणजे काय ते दिसतं. पॅलेस्टिनी सरकारने इस्रायल त्यांच्यासाठी गोळा करतं तो कराचा पैसाही घ्यायचं नाकारलं, कर्मचाऱ्यांचे पगार अर्धवट झाले, गाझातल्या पेशंटचे बाहेर उपचाराला जायचे परवाने अडकले. म्हणजे जनरल लोकांचा फोन बंद झाला की त्याची झळ शिक्षकाच्या पगाराला आणि किमोथेरपीच्या तारखेला. म्हणून हेडलाइन वाचली की विचारायचं, थांबलं काय, आणि भोगतंय कोण.

२०२३ चंही असंच सावकाश वाचा. २६ जानेवारीला जेनिनमध्ये इस्रायली धाडीत अनेक पॅलेस्टिनी मेले, समन्वय बंद जाहीर झाला. महिन्याने २६ फेब्रुवारीला जॉर्डनच्या अकाबात इस्रायल, पॅलेस्टिनी, जॉर्डन, इजिप्त, अमेरिका एकत्र बसले, तणाव कमी करायचं ठरलं. त्याच दिवशी वेस्ट बँकेतल्या हुवारात दोन इस्रायली भावांना गोळ्या घातल्या, आणि त्याच रात्री सेटलर लोकांनी, म्हणजे वेस्ट बँकेत वसाहती करून राहिलेल्या इस्रायलींनी, हुवारा गावात घरं-गाड्या पेटवल्या. १९ मार्चला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला परत बैठक. टेबल अकाबात आणि आग हुवारात, दोन्ही एकाच तारखेला, आमच्या गटात हे वाचून बराच वेळ कोणी बोललं नाही.

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध, त्यातला मृत्यूंचा डोंगर, हे एका बैठकीत मावत नाही, वेगळी बैठक ठेवा. एवढं मात्र जोडा की १७ नोव्हेंबर २०२५ ला युनोच्या सुरक्षा परिषदेने २८०३ क्रमांकाचा ठराव करून गाझासाठी आंतरराष्ट्रीय दलाला मान्यता दिली, आणि तेच जुने प्रश्न त्याला लावा. बंदूक कोणाच्या हुकमाने चालणार? स्थानिक पोलिसाला पगार कोण देणार? राज्याच्या वाटेबद्दल ठरावात वाक्य आहे, पण जर-तर लावून आहे, ते शब्द मोठ्याने वाचून घ्या.

भांडण टाळायला एकच नियम ठेवला आणि तो कामाला आला. प्रत्येकाने दुसऱ्या बाजूची भीती बोलायची, स्वतःच्या बाजूची बोलायची नाही. काका उभे राहिले आणि अश्दोदला सायरन वाजल्यावर पोरांना घेऊन शेल्टरकडे पळायला किती सेकंद मिळतात याबद्दल आजींच्या भाच्याने सांगितलेलं बोलले, त्यांनी ते आजींना आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं. आजी हेब्रोनच्या चेकपोस्टवर दप्तर उघडून दाखवणाऱ्या मुलीबद्दल बोलल्या. व्हॉट्सॅपवरचे व्हिडिओ बैठकीत लावायचे नाहीत हेही आधीच सांगून ठेवा, मोबाइल टेबलावर उलटे. आणि दीड तासाच्या वर ताणू नका.

नकाशा अजून वाचनालयाच्या भिंतीवर आहे, पावसाने एक कोपरा ओला झालाय. आजी जाता जाता बोट ठेवून विचारत होत्या की या ए मधल्या बाईला बाळंतपणाला त्या ए मधल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर मधला रस्ता कुठल्या रंगाचा. पुढच्या रविवारी तेच रस्ते पेनाने आखायला घेतोय.