डेटाचा पसारा दाखवायचाय? मग वर्गांची रुंदी सॉफ्टवेअरवर सोडू नका

'सरासरी काढा, खाली बार चार्ट टाका, झालं' असं सांगणारे लई भेटतात. सरासरीचा बार एक आकडा दाखवतो, पसारा नाही दाखवत. आकडे कुठे दाटलेत, कुठे विरळ आहेत, एक ढीग आहे की दोन, हे बघायचं असेल तर आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम काढावा लागतो (आकड्यांचे सारख्या रुंदीचे गट, म्हणजे वर्ग, पाडायचे आणि ज्या वर्गात जितक्या नोंदी तितका उंच बार काढायचा), आणि तो काढताना नव्वद टक्के लोक एकाच जागी आपटतात. मी पण आपटलेय, तेही पंचवीस माणसांसमोर.

उदाहरणाला अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कातला ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा घेऊ. दोन उसळ्यांमधे किती मिनिटं थांबावं लागलं याच्या 272 नोंदी आर नावाच्या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधे आयत्याच मिळतात, फेथफुल याच नावाने. कमीत कमी 43 मिनिटं, जास्तीत जास्त 96, सरासरी 70.9.

पहिलं काम, आकडे एका कॉलमात घेऊन सॉर्ट करा आणि दोन्ही टोकं बघा. 430 किंवा 4.3 असलं काही दिसलं तर टायपिंगची चूक आहे का ते आत्ताच तपासा.

दुसरं, नोंदी तीस-चाळीसच असतील तर हिस्टोग्रामच्या भानगडीत पडू नका, सरळ एका रेषेवर ठिपके मांडा, सारखा आकडा आला की ठिपक्यावर ठिपका.

तिसरं, वर्गांची रुंदी. इथे जरा थांबू.

मी पहिल्यांदा हा डेटा घेतला तेव्हा वर्ग पाडले 20-20 मिनिटांचे, 40 पासून सुरू, कारण स्लाइडवर तीन जाडजूड बार छान दिसत होते. आले 83, 105, 84. मधे उंच, दोन्हीकडे जवळपास सारखं, अगदी देवळातली घंटा! मी ट्रेनिंगमधे छाती काढून सांगितलं की बघा, बहुतेक वेळा साधारण 70 मिनिटं थांबावं लागतं. मागून एकाने विचारलं, मॅडम, पाच-पाचचे वर्ग करून बघता का, आणि मी समोरच केले.

40 पासून 5-5 मिनिटांचे वर्ग घेतले की असं येतं: 4, 22, 33, 24, 14, 10, 27, 54, 55, 23, 5, 1. परत एकदा वाचा. 33 पर्यंत चढलं, 10 पर्यंत उतरलं, परत 55 पर्यंत चढलं. म्हणजे ढीग दोन आहेत, एक 50-55 च्या आसपास आणि दुसरा 80 च्या, आणि 65 ते 70 च्या मधे सगळ्या 272 पैकी फक्त 10 नोंदी. जिथे मी 'बहुतेक वेळा' म्हणत होते तिथे खड्डा होता. (कारणही आहे, उसळी थोडक्यात आटोपली की पुढची लवकर येते, लांबली की पुढचीला वेळ लागतो.)

अजून गंमत बघा. रुंदी 20 च ठेवा, फक्त सुरुवात 40 ऐवजी 30 ला करा. आता येतं 26, 81, 159, 6. घंटा गायब, सगळं एका बाजूला कललेलं! डेटा तोच, रुंदी तीच, आणि दोन्ही चित्रं खोटं बोलतायत. म्हणून रुंदीइतकंच वर्ग सुरू कुठून होतात हे पण बघायचं.

मग रुंदी ठरवायची कशी? स्टर्जेसचा 1926 चा नियम आहे, तो इथे नऊ-दहा वर्ग सांगतो, म्हणजे सहाएक मिनिटांची रुंदी. फ्रीडमन-डायकोनिसचा 1981 चा नियम सांगतो 7.4 मिनिटं. हे नियम सुरुवात करायला ठीक, पण 7.4 मिनिटांचे वर्ग पाडून लोकांना दाखवू नका, कोणाला वाचता येणार ते. जवळचा सुटसुटीत आकडा घ्या, 5 किंवा 10, मग त्याच्या निम्मी आणि दुप्पट रुंदी घेऊन पण ग्राफ काढा. 10 ने काढलं तर 26, 57, 24, 81, 78, 6, दोन ढीग टिकले. जो आकार रुंदी बदलली, सुरुवात सरकवली तरी टिकतो त्यावरच बोला. फार बारीक गेलात, एकेक मिनिटाचे वर्ग केलेत, तर कंगव्याचे दात दिसतील, त्यातला प्रत्येक दात म्हणजे काही शोध नसतो.

एक्सेलमधे (2016 पासून हिस्टोग्राम आहे) खालच्या अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, तिथे बिन विड्थ (बिन म्हणजे वर्ग) टाका. सुरुवात कुठून ते थेट विचारत नाही, त्यासाठी अंडरफ्लो बिनमधे 45 लिहा, म्हणजे पहिला वर्ग 45 पर्यंतचा आणि पुढे पाच-पाचचे. आणि एक जुनं दुखणं, शाळेत आपल्याला शिकवलं की 40-45 या वर्गात 45 धरायचा नाही, तो पुढच्या वर्गात जातो. एक्सेल आणि आर उलट करतात, 45 मागच्याच वर्गात ठेवतात. वरचे माझे आकडे पण तसेच आहेत. हाताने मोजून जुळत नसेल तर कपाळावर हात मारण्याआधी हे बघा.

बार एकमेकांना चिकटलेले ठेवा. सगळे वर्ग सारख्या रुंदीचे ठेवा, नाहीतर उंचीऐवजी क्षेत्रफळाचा हिशेब करावा लागतो आणि तो कोणी करत नाही.

बॉक्स प्लॉट, म्हणजे मधल्या निम्म्या नोंदींची पेटी, तिच्यात मध्यकाची (क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधे येणाऱ्या आकड्याची) रेघ, दोन्हीकडे मिशांसारख्या रेघा, आणि फार लांबचे आकडे वेगळे ठिपके? पाच-सहा गट शेजारी ठेवून तुलना करायची तर झकास. पण एकट्या गटासाठी, तेही हिस्टोग्राम न बघता, अजिबात नको. आपल्याच डेटाचा बॉक्स 58 ते 82, मध्यक 76, मिशा 43 आणि 96 पर्यंत, वेगळा पडलेला एकही ठिपका नाही. दिसायला सभ्य, आणि 60 ते 70 चा तो खड्डा (24 नोंदी फक्त) बरोब्बर बॉक्सच्या पोटात लपलेला.

दोन गटांचे हिस्टोग्राम असतील तर एकाखाली एक ठेवा, आडवा अक्ष दोन्हीकडे तोच, रुंदी तीच, आणि गट लहानमोठे असतील तर नोंदींऐवजी टक्के. ग्राफखाली एकूण नोंदी किती आणि वर्ग केवढे ते लिहून टाका, म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला विचारावं लागणार नाही.