टाकी हलवली की पाणी दुधाळ, मासे वर तोंड काढतात? माझा अनुभव

जागा बदलली की पाणी पांढरट व्हायचं, मासे वर येऊन धापा टाकायचे. पाणी बदललं, क्लिअर करायचं औषध टाकलं, शून्य फरक, जाम वैताग आला. मुळात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे फिल्टरमधले बॅक्टेरिया सुकून किंवा नळाच्या क्लोरीनने मरतात आणि अमोनिया वाढतो.

यावेळी आदल्या दिवशी खाणं बंद. आधी हीटर बंद करून थंड होऊ दिला, मग टाकीचंच पाणी झाकणाच्या बादल्यांत भरलं, एकीत मासे आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), दुसरीत फिल्टरचा स्पंज, पूर्ण बुडलेला, हे सगळ्यात महत्त्वाचं. खडीसुद्धा काढून ओलीच ठेवली, कारण टाकी उचलताना तिच्या वजनाने तळाची काच तडकू शकते. रिकामी टाकी खालून धरून नेली, लेव्हल बघितली, खडी, जुनं पाणी, वर क्लोरीन काढलेलं तेवढंच कोमट पाणी, लगेच फिल्टर चालू, मासे शेवटी. पाणी स्वच्छ राहिलं, मासे खाली पोहतायत.