घरी शाळा काढू नका, आधी मूल बघा

शाळेत न घालता मुलांना घरी कसं शिकवतेस असं चर्चमधल्या दोन-तीन जणी सारखं विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आम्ही भांडुपला वन बीएचकेत राहतो, मोठी तेरा वर्षांची, धाकटा दहाचा, चार वर्षं झाली दोघं घरीच शिकतायत. त्यामुळे एवढ्याशा जागेत कसं जमणार हा प्रश्न बाद, जमतं.

पहिला महिना काही विकत आणू नका. मी आणलं होतं, भिंतीला फळा, छापील वेळापत्रक, आणि हसू नका पण हजेरीची वही पण. तीन आठवड्यांत मोठी रडायला लागली आणि मी ओरडायला, शाळेत तिला निदान मधली सुट्टी तरी होती. नीतिसूत्रे 22:6 आपल्याला संडेस्कूलपासून पाठ आहे पण आपल्या मराठी शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, शब्द नीट बघा, "मुलाच्या स्थितीला अनुरूप" शिक्षण दे असं म्हटलंय. म्हणजे समोर बसलंय त्या मुलाच्या, जावेच्या मुलाच्या नाही, आपल्या राहून गेलेल्या हौसेच्या तर नाहीच नाही.

तर करायचं काय, एक साधी वही घ्या आणि रोज रात्री दोन ओळी लिहा, आज कशात रमला, कशावर चिडला, आपणहून काय विचारलं, हरल्यावर कसा वागला. महिन्याने वाचाल तेव्हा मूल वेगळंच दिसेल. मोठीला काही विचारलं की ती गप्प, मला वाटायचं हिला येतच नाही. वहीत दिसलं की तिचं उत्तर संध्याकाळी येतं, भांडी पुसताना, आणि पक्कं येतं. आता मी सकाळी विचारते आणि सोडून देते. धाकट्याचं डोकं बसून चालत नाही, त्याचे पाढे जिन्यात झाले, एकेका पायरीवर एकेक आकडा, खालच्या मजल्यावरच्या काकूंची बोलणी खाऊन.

अभ्यासाला सकाळचे दोन-अडीच तास पुरतात, खरंच. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिका होत्या (1842 ते 1923), मूल म्हणजे कोरी पाटी नाही, जन्मतःच ते पूर्ण माणूस असतं असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दोन गोष्टी मी घेतल्या. लहानांचा एक विषय पंधरा-वीस मिनिटांतच संपवायचा, आणि धडा एकदाच वाचून मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, मध्ये टोकायचं नाही. शास्त्रातल्या योसेफाची गोष्ट (बापाने त्याला खास झगा दिला आणि जळणाऱ्या भावांनी त्याला विकलं) धाकटा सांगतो तेव्हा त्यात झगाच जास्त असतो, मोठी भावांच्या मनात काय चाललं असेल त्यावरच अडकते. वाचलं एकच, धरलं वेगवेगळं, तेही वहीत लिहा.

आता स्वभावाचं, आणि इथे मी जाम चुकलेय. शास्त्रातल्या गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातलं आत्म्याचं फळ, प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण, त्यांचा मी तक्ता केला आणि स्टार द्यायला लागले. आठवड्यात धाकटा म्हणतो, मम्मी मी तिला मारलं नाही, सौम्यतेचा स्टार दे. तक्ता त्याच दिवशी काढला. गुण खपवायला लागला की तो गुण राहत नाही, धंदा होतो. त्यापेक्षा घरातलं एक खरं काम द्या, ज्याच्यावाचून घराचं अडेल. आमच्याकडे सकाळी ठरलेल्या वेळेलाच पाणी येतं, ते भरायचं काम धाकट्याचं. एकदा विसरला, मी भरलं नाही. दिवसभर सगळ्यांनी तांब्या-तांब्याने काढलं, मी एक अक्षर बोलले नाही, न बोलणंच जास्त कठीण गेलं. आणि हो, शास्त्रवचनांचं पाठांतर शिक्षा म्हणून देऊ नका, नाहीतर वचन ऐकलं की मुलाला मारच आठवतो.

मोठीला बारा पूर्ण झाल्यावरची गोष्ट. लोकलमध्ये पाच ते बारा वयाला हाफ तिकीट, त्यानंतर फुल. ती दिसते बारीक, खिडकीवर मी सवयीने एक फुल दोन हाफ म्हटलं. ती काही बोलली नाही. रात्री भांडी पुसताना विचारलं, मम्मी, मी गाडीत अजून अकराची आहे का? पोटात गोळाच आला. सारवासारव सुचत होती, पण सरळ म्हटलं, मी खोटं बोलले, माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन बुडवलेल्या पैशांचं एक तिकीट काढलं आणि न वापरता फाडून टाकलं, तिच्यासमोर. वेडेपणा वाटेल. पण शास्त्रात इफिसकरांस पत्र 6:4 मध्ये मुलांना चिरडीस आणू नका म्हटलंय ना, तर माझ्या अनुभवाने मुलं ओरडण्याने जेवढी चिडत नाहीत तेवढी आपल्या दुटप्पीपणाने चिडतात.

बाहेर भरपूर न्या. शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 6:7 मध्ये देवाच्या वचनांविषयी घरी बसताना, वाटेने चालताना बोलत जा असं आहे, आपल्याला वाट म्हणजे स्लो लोकल. हिवाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो, राणीबाग, बोरिवलीचं नॅशनल पार्क, ओहोटीला गिरगाव चौपाटीचे खडक. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, ते टिपायला लावा, गणित आणि भूगोल दोन्ही झालं.

परीक्षेचं घाबरू नका. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यात होमस्कूलिंगचा, म्हणजे असं घरी शिकण्याचा, वेगळा उल्लेखच नाही. एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड) दहावी देता येते, वय 14 पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय पुरतात आणि ते एकदम न देता पाच वर्षांत मिळून नऊ संधींत सोडवता येतात. चित्रकला हाही विषय आहे, मोठी तोच घेणार.

नातेवाईक बोलणारच. सासूबाईंना मी पंडिता रमाबाईंचं सांगितलं, शाळेत न जाता आईकडून संस्कृत शिकल्या आणि पुढे अख्खं शास्त्र मराठीत आणलं. त्या म्हणाल्या, तू काय रमाबाईंची आई लागून गेलीस का. तेही बरोबरच आहे.

धाकटा आता म्हणतो मला शाळेत जायचंय, क्रिकेटची टीम पाहिजे. त्याची वही काढून वाचली, दोन वर्षं प्रत्येक पानावर कोणी ना कोणी मित्र आहे. त्याच कायद्याने वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, जवळच्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय. पाणी मात्र तोच भरणार, शाळा सकाळची मिळाली तरी.