सिकलसेल आणि मेंदूचा झटका: डॉप्लर तपासणीत या चुका टाळा

मूल खेळतंय, जेवतंय, शाळेत जातंय, मग डोक्याची तपासणी कशाला? हा प्रश्न पालकांइतकाच काही डॉक्टरांच्याही तोंडी असतो, आणि पहिली चूक तिथेच होते. तपासणी आणि प्रतिबंधक उपचार नसतील तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या एसएस प्रकारच्या (आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेल्या) सुमारे ११ टक्के मुलांना वयाच्या विशीपर्यंत झटका येतो, तोही बहुधा काहीच चाहूल न देता. मेंदूच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या की तिथल्या रक्ताचा वेग वाढतो. कानशिलावर जेल लावून, प्रोब टेकवून डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी, तोच वेग मोजतं. सुई टोचावी लागत नाही, किरणोत्सर्गही नाही.

ही तपासणी एसएस आणि एस-बीटा शून्य थॅलेसेमियाच्या (एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलेल्या) मुलांची, २ ते १६ वयात, दरवर्षी व्हायला हवी. सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांना मात्र रांगेत उभं करू नका. त्या चाचणीतून वाहक (एकच सिकल जनुक असलेला) कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. आधी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी करा, नाहीतर मशीनचा वेळ वाहकांवरच खर्च होतो.

गर्दीच्या शिबिरात सर्वांत जास्त घोळ मोजमापाच्या क्षणी होतो. मूल रडतंय, आई हात धरून बसलीय, मागे रांग वाढतेय, आणि तंत्रज्ञ प्रोब दाबून आकडा मिळवू पाहतोय. जोरजोरात रडताना श्वास वेगाने चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतला वेग खोटाच कमी दिसतो. झोपलेल्या मुलात उलटं, तो वाढलेला दिसू शकतो. तापात, किंवा हिमोग्लोबिन एकदम उतरलेलं असताना वेग वाढतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर घटतो. म्हणून मूल जागं, शांत आणि नेहमीच्या तब्येतीत असतानाच मोजा. तसं नसेल तर पुढची तारीख द्या.

काही मुलांच्या कानशिलाच्या हाडातून सिग्नलच मिळत नाही. अशा अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिणं हा सरळसरळ धोका आहे. ‘मोजता आलं नाही’ असंच लिहा आणि पुन्हा बोलवा.

आकडेही नीट वाचा. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या खाली असेल तर वर्षाने यायचं. १७० ते १९९ असेल तर काही महिन्यांतच पुन्हा मोजायचं. २०० किंवा जास्त म्हणजे धोका. लवकर फेरतपासणी करून उपचार. चित्र दाखवणारी मशीन त्याच मुलात थोडा कमी आकडा देते, तेव्हा अहवालावर मशीनचा प्रकार लिहिलेला हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र अहवाल फाइलला लागल्यानंतरची. १९९८च्या ‘स्टॉप’ या झटका रोखण्याच्या अभ्यासात धोक्याच्या गटातल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर झटक्यांचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं. फायदा इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पण दर तीन-चार आठवड्यांनी सुरक्षित रक्त प्रत्येक ठिकाणी कुठून मिळणार? अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार अशा ठिकाणी हायड्रॉक्सीयुरिया हे तोंडाने घ्यायचं औषध द्यावं. त्यासाठी औषध सलग मिळायला हवं आणि रक्तपेशींची ठरावीक मोजणी व्हायला हवी. मला विचाराल तर ही सोय आधी लावा, शिबिराची तारीख नंतर जाहीर करा. औषधाशिवायचं शिबिर म्हणजे पालकांच्या माथी नुसती धास्ती मारणं.

उपचारांनी आकडा खाली आला की ‘आता बरं झालं’ म्हणून रक्त बंद केलं जातं. दुसऱ्या ‘स्टॉप’ अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं. अनेक मुलांचा वेग पुन्हा चढला, काहींना झटकाही आला, आणि तोही अभ्यास लवकर थांबवावा लागला. बदल करायचाच तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, आणि डॉप्लर चालू ठेवून.

डॉप्लर नॉर्मल असूनही मूल अभ्यासात एकाएकी मागे पडू लागलं तर एमआरआयचा विचार करा. लक्षणं न दाखवणारे छोटे झटके डॉप्लरमध्ये दिसत नाहीत. आणि तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा फिट आली, तर डॉप्लरच्या तारखेची वाट पाहू नका. मुलाला तडक रक्त देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, सिकलसेल आहे हे पोहोचताच सांगा, आणि लक्षणं तासाभरात ओसरली तरी घरी परतू नका.